गाणे कोणापुढे गायचे?

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याला आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे उभे करण्याचा मान आहे. दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्याने २०२४ साली आपले दोन्ही जुने पुतळे तिथून हलवले. त्यातला एक गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कार करणाऱ्या राजकारण्याचा होता. मे महिन्यात तिथे डेझी बेट्स यांचा पुतळा आला. लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून घरावर दगड झेलणाऱ्या या बाई. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या जागेवर एक गायक उभा राहिला. पाठीवर गिटार, हातात बायबल. त्याचे नाव जॉनी कॅश.

पुतळा कोणाचा उठतो आणि कोणाचा बसतो याकडे आमच्या वाचकांचे बारीक लक्ष असते, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. डेझी बेट्स यांचे ठीक आहे, त्या आपल्या सहप्रवासी. पण हा गोरा गायक त्यांच्या शेजारी कसा? त्याचे संगीत तर 'कंट्री' म्हणून ओळखले जाणारे, दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांचे आणि ट्रकचालकांचे. वंशद्वेष्ट्यांच्या सभेतही हेच संगीत वाजत असे. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कॅशने काय गायले एवढे पाहून भागत नाही. त्याने कोणापुढे गायले आणि काय गायला नकार दिला, हे पाहावे लागते.

जॉनी कॅशचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ चा, आर्कान्सातल्या किंग्जलँड गावचा. बाप रे कॅश मिळेल ते काम करणारा, मंदीच्या काळात मालगाडीच्या डब्यातून लपत कामासाठी भटकणारा. १९३५ साली या कुटुंबाला डायस वसाहतीत २० एकर जमीन मिळाली. रूझवेल्टच्या सरकारने कर्जबाजारी शेतकऱ्यांना पुन्हा उभे करण्यासाठी वसवलेली ही वसाहत. घर, जमीन, खेचर, बियाणे, सारे सरकारने दिले, हळूहळू फेडायच्या बोलीवर. योजना उत्तमच होती, पण तिथे एक अट होती. ही वसाहत फक्त गोऱ्यांसाठी होती. त्याच आर्कान्सात त्याच कापसाच्या शेतात त्याहून वाईट हालात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथे एक वाफाही मिळाला नाही. ही गोष्ट कॅशच्या चरित्रात बहुतेक लेखक एका ओळीत उरकतात. आम्हाला ती एका ओळीत उरकता येत नाही. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांना सरकारी मदतीचा इतिहास असा अर्धाच आठवतो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

तरीही गरिबी खोटी नव्हती. पाच वर्षांचा असल्यापासून पोर कापूस वेचू लागले. १९३७ च्या पुरात घर सोडून पळावे लागले. १९४४ साली थोरला भाऊ जॅक लाकूड कापण्याच्या फिरत्या करवतीत सापडून गेला. चार पैसे घरात यावेत म्हणून तो सुटीच्या दिवशी कामाला गेला होता. जॉनी तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या आवाजातला जो खर्ज पुढे जगाने ऐकला, त्याच्या तळाशी ही करवत आहे, असे आम्हाला वाटते.

शाळा संपल्यावर हवाई दलात भरती. जर्मनीतल्या लँड्सबर्गच्या तळावर रशियनांचे तारसंदेश टिपून घेण्याचे काम. तिथेच फोल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट त्याने पाहिला आणि एका कैद्याचे गाणे लिहिले. त्याची चाल आणि बऱ्याच ओळी त्याने गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या गाण्यावरून उचलल्या होत्या. पुढे गाणे गाजल्यावर त्याची भरपाई त्याला मोजावी लागली. थोरांच्या चरित्रातले हे पानही फाडून टाकू नये.

१९५४ साली परत आल्यावर मेम्फिस शहरात तो दारोदार घरगुती वस्तू विकू लागला. विक्री काही होत नसे. पण एका ओसरीवर त्याला गस कॅनन हा वयस्कर कृष्णवर्णीय बँजोवादक भेटला आणि विक्री बाजूला ठेवून हा त्याच्यापाशी तासन् तास बसू लागला. या गस कॅननचे एक गाणे १९६३ साली गोऱ्या गायकांनी गाऊन देशभर गाजवले, तेव्हा म्हाताऱ्याचा बँजो सावकाराकडे गहाण पडलेला होता. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले. 'कंट्री'ला गोऱ्यांचे संगीत म्हणणाऱ्यांनी या वाद्याचा जन्मदाखला एकदा तपासावा. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचा पहिला कृष्णवर्णीय तारा डीफोर्ड बेली. त्याचा माउथऑर्गन ऐकायला लोक गर्दी करत, पण दौऱ्यावर सोबतच्या गोऱ्या कलावंतांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ साली त्याला काढून टाकले आणि पुढची कित्येक वर्षे त्याने बूटपॉलिश करून काढली. त्या संगीताच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली, मरणानंतर २३ वर्षांनी. तमाशाच्या फडात ढोलकी कोणाची आणि नाव कोणाचे, हा हिशेब ज्यांच्या घरात झाला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

१९५५ पासून कॅशच्या तबकड्या निघू लागल्या आणि पाहता पाहता तो देशभर प्रसिद्ध झाला. पैशाबरोबर गोळ्यांचे व्यसनही आले. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे त्याला पकडले, तेव्हा त्याच्या सामानात हजाराहून अधिक गोळ्या निघाल्या. खटल्याच्या वेळी पत्नी व्हिव्हियन सोबत होती. तिचा सावळा चेहरा वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात पाहून गोऱ्या वंशवाद्यांच्या एका पत्राने कॅशची बायको काळी असल्याची बोंब ठोकली. धमक्या सुरू झाल्या. त्या काळी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्न कायद्याने गुन्हा होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला १९६७ साली. कॅश आणि त्याच्या माणसांनी काय करावे? त्यांनी व्हिव्हियन गोरी असल्याचे पुरावे गोळा केले आणि खटल्याची धमकी दिली. भीती खरी होती, घरात चार लहान मुली होत्या, हे आम्हाला मान्य आहे. पण काळे असणे ही बदनामी आहे हे त्या उत्तरात गृहीतच धरलेले होते. काळी असली तर काय बिघडले, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या दिवशी कॅशमध्ये नव्हते. आणि इतिहासाचा न्याय पाहा. २०२१ साली त्याची मुलगी रोझॅन हिच्या वंशावळीचा शोध घेतला गेला, तेव्हा व्हिव्हियनच्या पूर्वजांमध्ये गुलामगिरीत जन्मलेली एक स्त्री निघाली. जातीचे मूळ लग्नाच्या कुंपणात आहे हे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. त्या शहराबाहेर पसरलेल्या देशात त्याच कुंपणाच्या तारा अशा होत्या.

हाच माणूस त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ साली, अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या दुःखावर एक अख्खी तबकडी काढून मोकळा झाला होता. त्यातली बरीच गाणी पीटर ला फार्ज या गीतकाराची. एका गाण्यात किन्झुआ धरणाचा विषय होता. १७९४ च्या तहाने सेनेका लोकांना कायमची दिलेली जमीन त्या धरणाने बुडवली. दुसरे गाणे आयरा हेजचे. पिमा जमातीचा हा जवान १९४५ साली इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सहा जणांपैकी एक असल्याने देशाचा वीर ठरला. परत आला तेव्हा गाव तसेच कोरडे. पिमांच्या नदीचे पाणी वरच्या अंगाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी केव्हाच वळवून नेले होते. हेज दारूत बुडाला आणि १९५५ च्या जानेवारीत एका थंड रात्री उघड्यावर मरून पडला, वय वर्षे ३२. छायाचित्रातला वीर पुतळ्यात गेला, त्याच्या शेताला पाणी मात्र मिळाले नाही. रेडिओवाल्यांनी हे गाणे वाजवायला टाळाटाळ केली. तेव्हा कॅशने 'बिलबोर्ड' या संगीत-व्यवसायाच्या पत्रात पदरच्या पैशाने पानभर जाहिरात दिली आणि रेडिओवाल्यांना तुमच्यात हिंमत नाही का, असा जाब विचारला. गाणे त्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्या दिवसांत आपल्या अंगात चेरोकी रक्त असल्याचेही तो सांगत असे. ते खरे नव्हते आणि पुढे त्याने ते मागे घेतले. शोषितांच्या बाजूने उभे राहायला शोषितांच्या घरात जन्मल्याचा बनाव करावा लागत नाही, एवढे त्याला उशिरा कळले.

आता तुरुंगातल्या मैफलीकडे वळू. कारण त्याचे नाव उरले ते त्यामुळे.

त्याला कैद्यांची पत्रे येत. फोल्समच्या गाण्याने कैद्यांना वाटे की हा आपल्यातलाच. वास्तविक तो कधी शिक्षा भोगलेला नव्हता, कोठडीत काढलेल्या एकेक रात्री तेवढ्या. पन्नासच्या दशकापासूनच तो तुरुंगात जाऊन गात होता. तुरुंगात ध्वनिमुद्रण करावे हा त्याचा हट्ट मात्र कंपनीने बरीच वर्षे मनावर घेतला नाही. अखेर १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कार्यक्रम झाले. समोर सुमारे हजार कैदी, वरच्या सज्जावर बंदुका घेतलेले पहारेकरी. गोळ्यांनी पोखरलेला, घरसंसार मोडलेला, धंद्यातही मागे पडत चाललेला हा ३५ वर्षांचा गायक काळ्या कपड्यात उभा राहिला आणि त्याने त्या माणसांना उपदेश केला नाही. सुधारा, देवाचे नाव घ्या, असे सांगणारे पाहुणे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. याने फाशीच्या दिवसाची मिनिटे मोजणारे गाणे गायले, खाणीतल्या अंधाराचे गाणे गायले, पायातल्या बेड्यांचे गायले. मध्येच तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची टर उडवली. हसणारे कैदी त्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतात.

एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्याच्या गाण्यातला कैदी एका माणसाला उगीच ठार मारल्याचे सांगतो, आणि त्या ओळीवर तबकडीत कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो. हा जल्लोष तिथला नाही. अभ्यासकांनी मूळ फीत ऐकली तेव्हा उघड झाले की तो नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे. प्रत्यक्षात त्या ओळीला कैदी गप्प होते. डोक्यावर बंदूक असताना खुनावर टाळ्या कोण वाजवील? बाहेर सोफ्यावर बसून तबकडी ऐकणाऱ्याला कैदी म्हणजे रक्ताला चटावलेला प्राणी हवा होता, कंपनीने तो पुरवला. त्या मैफलीतली आम्हाला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही नसलेली टाळी आहे.

आदल्या रात्री एका धर्मोपदेशकाने कॅशला फोल्सममधल्याच एका कैद्याच्या गाण्याची फीत ऐकवली. ग्लेन शर्ली त्याचे नाव, दरोड्याचा गुन्हा. तुरुंगातल्या दगडी प्रार्थनामंदिरावरचे ते गाणे होते. कॅशने रात्री ते बसवले आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या शेवटी, पहिल्या रांगेत बसलेल्या शर्लीकडे बोट करून गायले. शर्लीला याची काही कल्पना नव्हती. ज्याला नंबराने हाक मारतात, त्याचे नाव कवी म्हणून घेतले गेले. १९७१ साली शर्ली सुटला, कॅशने त्याला आपल्या संचात घेतले. १९७२ च्या जुलैत दोघांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे तुरुंग-सुधारणेबद्दल साक्ष दिली. पहिल्यांदा चुकलेल्या कोवळ्या पोरांना सराईतांबरोबर कोंडू नका, सुटलेल्याला उभे राहायला आधार द्या, अशी कॅशची मागणी होती. पण शर्लीला बाहेरचे जग पेलले नाही. तो संचातल्या लोकांवर उठू लागला, कॅशला त्याला दूर करावे लागले. १९७८ साली त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. एका मैफलीने माणसाचे नशीब पालटते अशा गोड कथा आम्ही सांगत नाही. तुरुंग माणसाच्या आत किती खोलवर जातो, त्याची ही साक्ष आहे. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. तुरुंगात झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जात पाहून ठरवणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. तिथे गायला कोण जाते?

फोल्समच्या तबकडीने कॅश पुन्हा शिखरावर गेला. त्याच वर्षी त्याने जून कार्टर या गायिकेशी लग्न केले. ती फोल्समच्या मंचावरही होती. १९६८ च्या अखेरीस तो रोझबड या मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात गायला आणि वुंडेड नी इथे जाऊन आला. १८९० साली तिथे शेकडो लकोटा स्त्री-पुरुष आणि मुले सैन्याने मारली होती. १९६९ च्या फेब्रुवारीत सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याने त्या तुरुंगाचा धिक्कार करणारे नवे गाणे तिथल्याच कैद्यांपुढे गायले. कैद्यांनी ते लगेच पुन्हा गायला लावले. पहारेकऱ्यांना घाम फुटला असणार.

मग बोलावणे आले राष्ट्राध्यक्षांचे. १७ एप्रिल १९७० ला व्हाइट हाउसमध्ये निक्सनसमोर कार्यक्रम ठरला. निक्सनच्या कार्यालयाने फर्माइशी कळवल्या. त्यातले एक गाणे युद्धविरोधी तरुणांची टवाळी करणारे, तर दुसरे सरकारी मदतीवर जगणारा गरीब कसा मोटारीतून मिरवतो अशी खिल्ली उडवणारे. ही दुसरी फर्माइश आमच्या वाचकांना चटकन ओळखता येईल. सवलतीवरचे विनोद कोणत्या दिवाणखान्यात रंगतात आणि कोण हसते, हे आपण कार्यालयात, वसतिगृहात, महाविद्यालयाच्या उपाहारगृहात ऐकलेलेच आहे. ज्याचे घर सरकारी मदतीच्या २० एकरांवर उभे राहिले, त्याला हे गाणे गायला सांगितले जात होते. कॅशने ती दोन गाणी गायली नाहीत. त्याऐवजी तरुणांचे प्रश्न ऐकून घ्या असे वडीलधाऱ्यांना सांगणारे, स्वतःचे नवे गाणे त्याने निक्सनच्या तोंडावर गायले. पुढे त्याने या प्रसंगाला फार तात्त्विक रंग दिला नाही. निरोप उशिरा आला, गाणी बसवायला वेळ नव्हता, असे तो सांगे. सांगू द्या. एका रात्रीत शर्लीचे गाणे बसवणाऱ्याला वेळ मिळाला नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायला तयार नाही. मात्र त्याच कार्यक्रमात त्याने राष्ट्राध्यक्षांच्या शांततेच्या प्रयत्नांना पाठिंबाही दिला, हेही नोंदवले पाहिजे. तो क्रांतिकारक नव्हता. त्याला दोन्ही दारे उघडी ठेवायची होती, आणि बहुतेक वेळा ती ठेवता आली कारण तो गोरा होता.

त्या सुमारास दूरचित्रवाणीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम होता. बरीच वर्षे काळ्या यादीत टाकलेला डाव्या विचारांचा गायक पीट सीगर तिथे आला, गायिका बफी सेंट-मेरी आली. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये लुई आर्मस्ट्राँग आला. चाळीस वर्षांपूर्वी, १९३० साली, 'कंट्री'चा जनक मानल्या जाणाऱ्या जिमी रॉजर्सच्या एका गाण्यात आर्मस्ट्राँगने ट्रम्पेट वाजवले होते, पण तबकडीवर त्याचे नाव छापले नव्हते. कॅशने नॅशव्हिलच्या त्या जुन्या मंचावर त्याला शेजारी बसवले, सारी हकिगत सांगितली आणि दोघांनी तेच गाणे पुन्हा केले. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँग गेला. आपण काळे कपडे का घालतो याचा खुलासा करणारे गाणे कॅशने १९७१ साली लिहिले. गरीब, भुकेला, शिक्षा संपूनही तुरुंगात खितपत पडलेला, युद्धात रोज मरणारा पोरगा, या सर्वांसाठी हा शोक आहे, असा त्याचा आशय.

नंतरची वीस वर्षे उतरणीची. आजार, पुन्हा व्यसन, पुन्हा सुटका. १९८६ साली जुन्या कंपनीने त्याला मोडीत काढले. १९९४ साली साठी उलटलेल्या या माणसाने फक्त एक गिटार घेऊन नवी तबकडी काढली आणि नातवंडांच्या वयाची पोरे त्याला ऐकू लागली. २०१७ साली शार्लट्सव्हिल इथल्या गोऱ्या वंशवाद्यांच्या मोर्चात एक जण कॅशचे नाव असलेला सदरा घालून आला, तेव्हा त्याच्या मुलांनी पत्रक काढून त्याचा निषेध केला. मेलेल्या माणसाचा झेंडा कोण पळवील याचा नेम नसतो, ही चिंता आपणही जाणतो.

त्याची शेवटची मैफल ५ जुलै २००३ ची. जून १५ मे रोजी वारली होती. मधुमेहाने शरीर पोखरलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली, फिरणे चाकाच्या खुर्चीतून. व्हर्जिनियाच्या डोंगरात जूनच्या माहेरी कार्टर घराण्याने उभारलेले लाकडी प्रेक्षागृह आहे. शेजारी तिचा चुलता ए. पी. कार्टर याचे जुने दुकान. हा चुलता डोंगरातली गाणी गोळा करत हिंडे, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्याबरोबर असे. कार्टर शब्द उतरवून घेई, चाली रिडल डोक्यात ठेवी. तबकड्यांवर मात्र कार्टर घराण्याचेच नाव लागले. त्या मंचावर कॅशला दोघांनी धरून आणले, खुर्चीत बसवले. जूनबद्दल लिहून आणलेले चार शब्द त्याने वाचले. सुरांत कंप होता, दम पुरत नव्हता. जेमतेम सात गाणी झाली. त्यातले पहिले फोल्सम तुरुंगाचेच होते. १२ सप्टेंबरला नॅशव्हिलच्या रुग्णालयात तो गेला.